फोन आणि पेन

26 ऑक्टोबर 1960. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीला तेरा दिवस उरले होते. शिकागोच्या विमानतळाजवळच्या एका हॉटेलात जॉन केनेडी पुढच्या सभेला निघण्याच्या तयारीत होते. खोलीत सल्लागारांची वर्दळ होती. केनेडींचे मेहुणे सार्जंट श्रायव्हर सगळे बाहेर पडेपर्यंत थांबून राहिले. आपला बेत इतरांच्या कानावर गेला, तर ते तो तिथेच हाणून पाडतील, हे त्यांना ठाऊक होते. एकांत मिळताच त्यांनी अटलांटातला एक फोन नंबर पुढे केला. पलीकडे कोरेटा किंग होत्या. त्यांना सहावा महिना होता आणि त्यांचे पती मार्टिन ल्यूथर किंग यांना आदल्याच दिवशी चार महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली होती.

किंग यांचा गुन्हा काय होता? अटलांटातल्या ‘रिचेस’ या मोठ्या दुकानात कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला कापड विकत घेता येई, पण तिथल्या उपाहारगृहात गोऱ्यांच्या शेजारी बसून जेवता येत नसे. विद्यार्थ्यांनी 19 ऑक्टोबरला तिथे ठिय्या दिला आणि किंग त्यांच्यासोबत बसले. विद्यार्थी सुटले. किंग यांना मात्र अडकवून ठेवले गेले, कारण जॉर्जियाचा वाहन परवाना नसताना गाडी चालवल्याबद्दल त्याच वर्षी त्यांना सशर्त शिक्षा झाली होती आणि ती अट आता मोडली, असे न्यायाधीशांनी ठरवले. रात्रीच्या अंधारात बेड्या घालून त्यांना रीड्सव्हिलच्या तुरुंगात नेले गेले. ते जिवंत परत येतील की नाही, ही घरच्यांची धास्ती होती, आणि त्या काळातल्या जॉर्जियात ती अनाठायी नव्हती.

केनेडींनी चौकशी केली, काही लागले तर कळवा म्हणाले आणि फोन ठेवला. प्रचाराची सूत्रे सांभाळणारे त्यांचे बंधू रॉबर्ट हे कळताच भडकले. दक्षिणेतली गोऱ्यांची मते या एका फोनने हातची जातील, अशी त्यांची भीती होती. पण नंतर त्यांनी स्वतःच त्या न्यायाधीशांना फोन लावला. 27 तारखेला किंग जामिनावर बाहेर आले.

रिपब्लिकन उमेदवार रिचर्ड निक्सन यांची किंग यांच्याशी ओळख जुनी होती. 1957 साली घानाच्या स्वातंत्र्यसोहळ्यात दोघे भेटले होते. बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडणारा जॅकी रॉबिन्सन 1960 मध्ये निक्सन यांच्या बाजूने प्रचार करत होता. किंग यांच्यासाठी काहीतरी बोला, असे आर्जव त्याने केले. निक्सन बोलले नाहीत.

थोरल्या किंगनी, म्हणजे मार्टिन यांच्या पाद्री वडिलांनी, आजवर निक्सनना पाठिंबा दिला होता. केनेडी कॅथलिक आहेत, ही त्यांची अडचण होती. मुलगा सुटल्यावर त्यांनी आपले मत जाहीरपणे केनेडींच्या पारड्यात टाकले. केनेडींच्या माणसांनी निळ्या कागदावर एक पत्रक छापले. त्यात निक्सन यांच्या मौनाशेजारी केनेडींच्या फोनची हकिगत मांडली होती. सुमारे 20 लाख प्रती निघाल्या. मतदानाआधीच्या रविवारी देशभरातल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चबाहेर त्या वाटल्या गेल्या. दक्षिणेतल्या गोऱ्या मतदारांना मात्र या पत्रकाचा सुगावा लागू नये, अशी काळजी घेतली गेली. साधारण 6 कोटी 80 लाख मतांपैकी केनेडींची आघाडी सव्वा लाखाहूनही कमी भरली. इलिनॉय राज्य त्यांनी नऊ हजारांच्या आसपासच्या फरकाने जिंकले.

वर्णन्यायाची चळवळ आणि मते मागणारा उमेदवार यांच्यातला सगळा व्यवहार या एका हकिगतीत सापडतो. रस्त्यावर कुणीतरी अंगावर ओढवून घेतलेला तुरुंगवास, त्याने प्रचारात उभा केलेला पेच, उमेदवाराची छोटीशी कृती, तिचा मोठा मोबदला, आणि तीच कृती एका कानाला मोठ्याने सांगायची आणि दुसऱ्या कानापासून दडवायची ही कसरत. या प्रस्तावनेचा विषय हा व्यवहार आहे. तो समजून घ्यायचा तर फोनपाशी थांबून चालत नाही. केनेडींनी त्याच प्रचारात आणखी एक शब्द दिला होता. सरकारी मदतीने उभ्या राहणाऱ्या घरांमधला वर्णभेद राष्ट्राध्यक्ष पेनाच्या एका फटकाऱ्यात संपवू शकतात, असे ते म्हणाले होते. निवडून आल्यावर तो फटकारा काही उमटेना. महिने गेले, वर्ष गेले. लोक व्हाइट हाउसला टपालाने पेने पाठवू लागले. सही अखेर झाली ती 20 नोव्हेंबर 1962 रोजी, मध्यावधी निवडणुका पार पडल्यावर दोन आठवड्यांनी. आदेशाची मर्यादाही मोठी होती. आधी बांधलेली बहुतेक घरे त्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

फोनला काही मिनिटे लागली आणि पेनाला बावीस महिने. उमेदवाराला चळवळीविषयी आस्था आहे की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून, गहिवरलेल्या आवाजावरून किंवा सभेतल्या घोषणेवरून ठरवण्याची सवय आपल्याला लागली आहे. त्यापेक्षा तो सही कशावर करतो, केव्हा करतो आणि ती सही किती दूर पोचते, हे पाहणे अधिक खरे आहे.

केनेडींनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सन यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे आणि तितकेच त्रासदायकही. 2 जुलै 1964 रोजी त्यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. सार्वजनिक जागांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा हा कायदा होता. सात आठवड्यांनी अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले, तेव्हा मिसिसिपीतून दोन शिष्टमंडळे येऊन थडकली. एक अधिकृत, पूर्ण गोऱ्यांचे. दुसरे मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टीचे. कृष्णवर्णीयांना मतदारयादीतच येऊ न देणाऱ्या राज्याने पाठवलेले प्रतिनिधी खरे कसे, असा या दुसऱ्यांचा सवाल होता. 22 ऑगस्टला त्यांच्या वतीने फॅनी लू हेमर प्रतिनिधींची पात्रता ठरवणाऱ्या समितीसमोर बसल्या. दुसऱ्याच्या मळ्यात अर्धलीने राबणारी ही बाई. 1962 मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली, म्हणून मळेवाल्याने तिला त्याच दिवशी हाकलले होते. पुढच्या वर्षी विनोना गावच्या कोठडीत तिला जबर मारहाण झाली. ते सारे तिने साध्या शब्दांत सांगायला सुरुवात केली आणि दूरचित्रवाणीवर देश ते ऐकू लागला.

जॉन्सन यांनी तातडीने पत्रकार परिषद बोलावली. सांगण्यासारखे विशेष काही नव्हते, पण कॅमेरे हेमरबाईंवरून हटले. हा डाव त्याच संध्याकाळी उलटला. वाहिन्यांनी त्यांची साक्ष रात्रीच्या बातम्यांत दाखवली आणि दुपारपेक्षा कितीतरी अधिक लोकांनी ती पाहिली. मग तडजोड पुढे आली. फ्रीडम पार्टीला दोन जागा मिळणार होत्या, आणि त्या दोघांची नावेही पक्षश्रेष्ठीच ठरवणार होते. समजूत घालण्याचे काम ह्युबर्ट हम्फ्री यांच्याकडे आले. नागरी हक्कांचा जुना कैवारी असलेल्या या माणसाचे उपाध्यक्षपदाचे तिकीट त्या कामगिरीवर टांगलेले होते. मिसिसिपीच्या माणसांनी तडजोड धुडकावली. इतक्या लांब दोन जागांसाठी आलो नाही, असे हेमरबाईंनी ठणकावले.

जॉन्सन यांचे गणित चुकीचे नव्हते. नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत देणारे रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांनी त्या नोव्हेंबरात स्वतःच्या ॲरिझोनाखेरीज लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायना ही पाच राज्ये जिंकली. दक्षिणेतले गोरे तेव्हापासून डेमोक्रॅटिक पक्षापासून दुरावत गेले. पण गणित बरोबर होते म्हणून कृती न्याय्य ठरत नाही. ज्या बाईने मतासाठी मार खाल्ला, तिचा आवाज दाबण्यासाठी देशाच्या राष्ट्राध्यक्षाने आपले पद वापरले. पुढे त्याच जॉन्सन यांनी मार्च 1965 मध्ये, सेल्माच्या पुलावर मोर्चेकऱ्यांची डोकी फुटल्यानंतर, काँग्रेससमोर चळवळीचे ब्रीद स्वतःच्या तोंडी घेतले आणि 6 ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही केली. या सहीची पोच मोठी होती. मिसिसिपीत 1964 साली कृष्णवर्णीय प्रौढांपैकी जेमतेम 6.7 टक्के मतदारयादीत होते. 1967 पर्यंत हे प्रमाण सुमारे 60 टक्क्यांवर गेले. ज्या माणसाने हेमरबाईंवरून कॅमेरा हटवला, त्यानेच त्यांच्या राज्याला मतदारयादी उघडून दिली. मधल्या काळात त्यांच्या मनात काय बदलले, याचा शोध चरित्रकार घेत आले आहेत. सेल्मात काय घडले, ते मात्र साऱ्या जगाने पाहिले होते.

चळवळीला उत्तर देण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि मतपेटीत तो अनेकदा जास्त चालला आहे. तो म्हणजे चळवळीशी न बोलता चळवळीला घाबरलेल्यांशी बोलणे.

1968 साल त्याची शाळा ठरले. 4 एप्रिलला मेम्फिसमध्ये किंग यांची हत्या झाली. त्या रात्री रॉबर्ट केनेडी इंडियानापोलिसच्या कृष्णवर्णीय वस्तीत एका ट्रकवर उभे राहिले. जमलेल्यांपैकी बहुतेकांना बातमी त्यांच्याच तोंडून कळली. समोर लिखित भाषण नव्हते. स्वतःच्या भावाच्या खुनाविषयी ते जाहीरपणे क्वचितच बोलत, त्या रात्री बोलले. शंभरहून अधिक शहरे पेटली, इंडियानापोलिस शांत राहिले. दोन महिन्यांनी रॉबर्ट केनेडींचीही हत्या झाली, त्यामुळे त्या भाषणामागून कोणती सही आली असती, हे इतिहासाला ठाऊक नाही.

11 एप्रिलला बाल्टिमोरमध्ये मेरीलँडचे गव्हर्नर स्पायरो ॲग्न्यू यांनी कृष्णवर्णीय पुढाऱ्यांना बैठकीला बोलावले. दंगलीच्या वेळी हेच पुढारी गल्लोगल्ली फिरून लोकांना शांत करत होते. ॲग्न्यू यांनी त्यांनाच कॅमेऱ्यांसमोर फैलावर घेतले. अनेकजण उठून निघून गेले. ऑगस्टमध्ये निक्सन यांनी याच ॲग्न्यूंना उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली. स्वतः निक्सन एप्रिलमध्ये किंग यांच्या अंत्यविधीला अटलांटात हजर होते. शरद ऋतूतल्या प्रचारात मात्र त्यांचा भर ‘कायदा आणि सुव्यवस्था’ या शब्दांवर आणि मोर्चे न काढणाऱ्या, आवाज न चढवणाऱ्या बहुसंख्यांच्या कैवारावर होता. वंशाचा उल्लेख करायची गरजच नव्हती. उघड वर्णद्वेषाची बाजू अलाबामाचे जॉर्ज वॉलेस सांभाळत होते. त्यांना साडेतेरा टक्के मते आणि पाच राज्ये मिळाली. त्यांच्या तुलनेत निक्सन मवाळ दिसले आणि निवडून आले.

ही सांकेतिक भाषा पुढे किती सफाईदार झाली, हे 1980 मध्ये दिसले. रोनाल्ड रेगन यांनी 3 ऑगस्टला मिसिसिपीतल्या नेशोबा काउंटीच्या जत्रेत भाषण केले आणि राज्यांच्या हक्कांवर आपला विश्वास असल्याचे सांगितले. कागदावर हा राज्यघटनेतला एक निरुपद्रवी मुद्दा वाटतो. पण जवळच्याच फिलाडेल्फिया गावाच्या परिसरात 1964 च्या जूनमध्ये चेनी, गुडमन आणि श्वर्नर या तीन कार्यकर्त्यांना मारून मातीच्या बांधात पुरले गेले होते. केंद्राने वर्णभेदात ढवळाढवळ करू नये म्हणून दक्षिणेतले गोरे पुढारी पिढ्यान्‌पिढ्या याच शब्दांची ढाल पुढे करत आले होते. जत्रेत जमलेल्यांना अर्थ सांगावा लागला नाही.

डेमोक्रॅट उमेदवारांनीही अंतर राखण्याची कला शिकून घेतली. जेसी जॅक्सन यांनी 1988 मध्ये पक्षांतर्गत लढतीत सुमारे 70 लाख मते मिळवली. चळवळीतला माणूस स्वतःच उमेदवार झाला, तर दारात उभे राहून विनवण्या कराव्या लागत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. चार वर्षांनी, लॉस एंजेलिसची दंगल ताजी असताना, बिल क्लिंटन जॅक्सन यांच्याच व्यासपीठावर गेले आणि तिथे येऊन गेलेल्या सिस्टर सोल्जा या रॅप गायिकेवर त्यांनी सर्वांदेखत टीका केली. मी यांच्या दबावाखाली नाही, हा निरोप गोऱ्या मतदारांसाठी होता आणि तो त्यांना पोचला.

मराठी वाचकाला हा सगळा परमुलूख वाटू नये. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी नष्ट करण्यासाठी झटलेल्या लोकांना. डॉ. आंबेडकरांनी 1946 मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाविषयी विचारणा केली. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. आणि अगदी अलीकडे, 2022 मध्ये, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले. त्यांच्या मतदारसंघात डेट्रॉइटचा मोठा भाग येतो. पक्षांतर्गत लढतीत अनेक कृष्णवर्णीय उमेदवारांत मते विभागली गेली आणि ठाणेदारांनी बाजी मारली. त्यामुळे 1950 च्या दशकानंतर प्रथमच डेट्रॉइटला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. एका मराठी माणसाच्या यशाचा अभिमान आपल्याकडे जरूर साजरा झाला. त्या शहराने त्या दिवशी काय गमावले, याची चर्चाही मराठीत तितक्याच आपुलकीने व्हायला हवी.

2014 साली फर्ग्युसनमध्ये मायकेल ब्राऊन या तरुणाचा पोलिसाच्या गोळीने बळी गेला आणि ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ ही घोषणा देशभर पोचली. या नव्या पिढीने उमेदवारांच्या दाराशी थांबणे सोडून थेट त्यांच्या माइकपाशी जायचे ठरवले. जुलै 2015 मध्ये फीनिक्सच्या सभेत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी लढणारे मार्टिन ओमॅली यांना त्यांनी अडवले. ‘सगळ्यांचीच आयुष्ये मोलाची आहेत’, असे उत्तर ओमॅली यांनी दिले. सभागृहातून हुर्यो उडाली आणि त्याच दिवशी त्यांना माफी मागावी लागली. वाक्य चुकीचे नव्हते. पण ज्याचे घर पेटले आहे, त्याला सगळीच घरे मोलाची आहेत असे सांगणाऱ्याने त्याचे म्हणणे ऐकलेलेच नसते.

8 ऑगस्टला सिएटलमध्ये दोन तरुणींनी त्याच शर्यतीतल्या बर्नी सँडर्स यांच्या सभेचा माइक घेतला. सँडर्स न बोलता निघून गेले. त्यांचे समर्थक संतापले, आणि त्यांच्या संतापात तथ्य होते. हा माणूस 1963 मध्ये शिकागोत शाळांतल्या वर्णभेदाविरुद्ध निदर्शने करताना पकडला गेला होता. आपल्याच माणसाला का अडवता? पण सँडर्स यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर आर्थिक विषमतेचेच औषध होते आणि पोलिसाच्या गोळीला ते पुरत नव्हते. त्यानंतर दोनेक दिवसांतच त्यांच्या संकेतस्थळावर वर्णन्यायाचा सविस्तर कार्यक्रम आला आणि एका कृष्णवर्णीय तरुणीची राष्ट्रीय प्रवक्ती म्हणून नेमणूक जाहीर झाली. तो कार्यक्रम आधीपासून तयार होत होता, असे त्यांची माणसे सांगत. तसे असेलही, पण त्याची तारीख त्या दोन तरुणींनी ठरवली. जो उमेदवार आपल्याला सर्वांत जवळचा, त्यालाच आधी अडवण्यात शहाणपण होते. ऐकण्याची शक्यता त्याच्याच ठायी सर्वाधिक असते.

हिलरी क्लिंटन यांचा प्रसंग वेगळा. ऑगस्ट 2015 मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या कीन गावी त्या कार्यकर्त्यांना बंद खोलीत भेटल्या. मने बदलण्यावर माझा भरवसा नाही, कायदे बदला, पैसा कुठे जातो ते बदला, व्यवस्था बदला, असे त्यांनी सुनावले. हे चित्रण बाहेर आल्यावर अनेकांना त्यांचा सूर कोरडा वाटला. खरे तर आंदोलकांना ऐकायला मिळालेल्या उत्तरांपैकी ते सर्वांत प्रामाणिक होते. उणीव दुसरीकडे होती. त्याच कीन गावात जानेवारी 1996 मध्ये त्यांनी टोळ्यांतल्या पोरांना भयंकर शिकारी म्हणून हिणवले होते आणि त्यांना वठणीवर आणण्याची भाषा केली होती. नवऱ्याने 1994 मध्ये सही केलेल्या कठोर गुन्हेगारी कायद्याचे समर्थन त्या तेव्हा करत होत्या. फेब्रुवारी 2016 मध्ये चार्ल्सटनच्या एका निधीसंकलन कार्यक्रमात एका तरुणीने ते जुने शब्द फलकावर लिहून त्यांच्यासमोर धरले. दुसऱ्या दिवशी क्लिंटन यांनी ते शब्द वापरायला नको होते, असे मान्य केले. कबुलीला वीस वर्षे लागली होती.

25 मे 2020 रोजी मिनिॲपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर पोलिसाचा गुडघा नऊ मिनिटांहून अधिक काळ राहिला. त्यानंतरच्या आठवड्यात उमेदवारांची उत्तरे एकाच दिवशी शेजारी शेजारी पाहायला मिळाली. 1 जूनला जो बायडेन विल्मिंग्टनच्या एका चर्चमध्ये कृष्णवर्णीय पुढाऱ्यांसमोर वही घेऊन बसले. त्याच संध्याकाळी व्हाइट हाउससमोरच्या लाफायेत चौकातल्या निदर्शकांना बळाने पांगवले गेले आणि डोनाल्ड ट्रम्प समोरच्या चर्चपुढे हातात बायबल धरून छायाचित्रासाठी उभे राहिले. 7 जूनला रिपब्लिकन सिनेटर मिट रॉम्नी वॉशिंग्टनच्या मोर्चात चालले. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार जूनमध्ये 67 टक्के अमेरिकी प्रौढांचा चळवळीला पाठिंबा होता. सप्टेंबरपर्यंत तो 55 टक्क्यांवर आला. उमेदवारांची भाषाही आकड्यांबरोबर खाली आली. पोलिसांचा निधी कापण्याची मागणी बायडेन यांनी आधीच नाकारली होती आणि उलट वस्तीपातळीवरच्या पोलिसांसाठी 30 कोटी डॉलर देऊ केले होते. ऑगस्टअखेरीस पिट्सबर्गमध्ये, आपण दंगलखोरांविषयी हळवे नाही, हे ते मतदारांना पटवत होते.

पुढच्या प्रकरणांत वाचकाला अशी अनेक भाषणे, भेटी, माफ्या आणि छायाचित्रे भेटतील. प्रत्येक ठिकाणी थांबून एकच गोष्ट शोधावी, अशी विनंती आहे: सही. 2020 च्या उन्हाळ्यातली सही शोधायला गेले, तर हाती येते ते असे. फ्लॉइड यांच्या नावाचा पोलिस सुधारणा कायदा प्रतिनिधिगृहाने जून 2020 मध्ये आणि पुन्हा मार्च 2021 मध्ये संमत केला. सप्टेंबर 2021 मध्ये सिनेटमधल्या वाटाघाटी फिसकटल्या. 25 मे 2022 रोजी, फ्लॉइड यांच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी अध्यक्षीय आदेशावर सही केली. तो थेट लागू झाला फक्त केंद्रीय पोलिस यंत्रणांना. मिनिॲपोलिससारखी हजारो स्थानिक पोलिस दले त्याच्या कक्षेबाहेर राहिली. 20 जानेवारी 2025 रोजी, शपथविधीच्याच दिवशी, ट्रम्प यांनी तो आदेश रद्द केला. फ्लॉइड यांच्या नावाचे विधेयक सिनेटमध्ये मतदानाला कधी आलेच नाही.